साखर उतरत गेली

आरोग्य केंद्राच्या दारावर तिचं पद 'सामुदायिक आहारतज्ज्ञ' असं लिहिलं होतं, पण एवढं लांबलचक कोण तोंडात घोळवणार? मधुमेहाच्या पेशंटांनी तिला आहारताई करून टाकलं होतं. पाठीमागे काहीजण नकोताई म्हणतात, हेही तिला ठाऊक होतं. हे नको, ते नको, तेही नको. तिला त्याचा राग येत नसे. सात वर्षं या कामात गेल्यावर तिची एक समजूत पक्की झाली होती, की लोक डॉक्टरांशी भीतीपोटी खरं बोलतात आणि आहारतज्ज्ञाशी लाजेपोटी खोटं. केंद्रात नवीन कुणी कामाला लागलं की ती हे हसत हसत सांगायची. आणि आपल्याला खोटं बरोबर ओळखता येतं, अशीही तिची समजूत होती.

सलूनवाले काका पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन बसले तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. दोन खुर्च्यांचं सलून आणि त्याच्याच मागे राहायच्या दोन खोल्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीत आकडा आलेला साडेनऊ.

"साडेनऊ म्हणजे चांगलं की वाईट?" काकांनी विचारलं.

"सातच्या आसपास यायला पाहिजे."

"म्हणजे शाळेच्या उलटं. मार्क जास्त पडले की नापास."

ती हसली. तिनं त्यांना तक्ता दिला, रोजचं खाणं लिहायला वही दिली, साखर बघायचं छोटं यंत्र कसं वापरायचं ते दाखवलं. चहाचा विषय निघाला तेव्हा काकांनी हात वर केले. "ताई, गिऱ्हाईक आलं की चहा येतो, आणि चहा आला की त्याच्याबरोबर साखर येते. मी काही तिला बोलावणं धाडत नाही."

अशी बोलणारी माणसं वही लिहीत नाहीत, हा तिचा अनुभव. पण तीन महिन्यांनी काका आले ते वही घेऊन. पानन् पान भरलेलं. सकाळी एक अंडं आणि पावाचा एक तुकडा, तोही कोंड्याचा. दुपारी वाटीभर भात, भाजी दुप्पट. चहा बिनसाखरेचा, दिवसातून दोनदा. कुठे निळी शाई, कुठे काळी, मध्येच पेन्सिल. एका पानावर चहाचा गोल डाग. आणि सरासरी आठ पॉइंट सहा.

पुढच्या वेळी सात पॉइंट चार.

दर गुरुवारी केंद्राच्या मोठ्या खोलीत मधुमेहींचा गट जमायचा. त्या गुरुवारी तिनं काकांना उभं केलं, आकडे फळ्यावर लिहिले आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. काका पार लाजले. चारचौघांत तासन् तास गप्पा हाणणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. "सगळं ताईंमुळे," एवढं बोलून ते खाली बसले. मग तिनं त्यांच्या वहीच्या एका आठवड्याच्या झेरॉक्स काढून गटात वाटल्या.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई गटात होत्या. स्वभावानं काटेकोर. त्यांनी ती झेरॉक्स स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली आणि अक्षरशः तसं खायला सुरुवात केली. भात त्या तोलून घ्यायच्या. कशावर, तर पत्रं तोलायच्या जुन्या काट्यावर. तीन महिन्यांत त्यांचीही साखर उतरली.

काकांचा चौथा आकडा आला सहा पॉइंट तीन. ती खुर्चीतून उठलीच.

"काका, तुम्ही तर कमाल केलीत!"

"कमाल कसली," काका म्हणाले. ते जरा दमलेले दिसत होते. "हल्ली भूकच फारशी लागत नाही, ताई."

तिनं फायलीत लिहिलं: 'भुकेवर ताबा आला आहे. उत्तम.'

फायलींना रंग देण्याची पद्धत तिनंच सुरू केली होती. साखर फार चढलेल्यांची फाइल लाल, मधल्यांची पिवळी, काबूत आलेल्यांची हिरवी. लालवाल्यांनी दर महिन्याला यायचं, पिवळ्यांनी तीन महिन्यांनी, हिरव्यांनी सहा. गर्दी कमी झाली, डॉक्टरही खूश झाले. त्या दिवशी तिनं काकांचे कागद पिवळ्या फायलीतून काढून हिरव्या फायलीत लावले. पहिल्याच पानावर चौकटी होत्या. रक्तदाब, पाय, डोळे, किडनी. किडनीची तपासणी केंद्रात होत नसे, त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात सकाळी जाऊन रांगेत उभं राहावं लागे, आणि सकाळ ही तर सलूनची ऐन गर्दीची वेळ. त्या चौकटीत पेन्सिलीनं 'करायची आहे' असं लिहिलेलं होतं. ते अक्षर तिचंच होतं, आणि पहिल्या भेटीच्या दिवसाचं. कागद लावताना तिची नजर त्यावरून गेली की नाही, हे नंतर तिला कितीही आठवून सांगता आलं नाही.

मग तिच्या डोक्यात पोस्टरची कल्पना आली. आरशासमोर उभे असलेले काका, खाली चारही आकडे, केंद्राच्या भिंतीवर. मंगळवारी अकराच्या सुमाराला ती फोटो काढायला सलूनमध्ये गेली.

आत एक ट्रकड्रायव्हर खुर्चीत मान मागे टाकून बसला होता. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर फेस. काका त्याच्या बाजूला वस्तरा घेऊन उभे होते. "या, या," ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघताच. ती बाकावर टेकली. मोबाइल काढून उजेड कुठून येतोय ते बघू लागली.

फोटोच्या चौकटीतूनच तिला ते आधी दिसलं. काका दाढी झालेल्या गालावरूनच पुन्हा पुन्हा वस्तरा फिरवत होते. फेस होता त्या बाजूला हात जातच नव्हता. शर्ट पाठीला चिकटला होता. पंखा तर जोरात चालू होता.

"काका?"

"झालंच, झालंच."

ड्रायव्हरचे डोळे विस्फारले होते. मान हलवायची त्याची हिंमत होत नव्हती. ती उठून हळूहळू जवळ गेली.

"काका, वस्तरा खाली ठेवा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीही त्या नजरेत नव्हतं. "तुमचा नंबर तिसरा," ते शांतपणे म्हणाले.

तिनं त्यांचं मनगट धरलं. हात थंडगार आणि घामानं निथळत होता. वस्तरा तिनं बोटांतून सोडवला, तेव्हा ड्रायव्हर खुर्चीतून असा सुटला की त्याच्या गळ्यातला टॉवेल खुर्चीच्या हातावरच लोंबत राहिला. दोघांनी मिळून काकांना खुर्चीत बसवलं. पिशवीतलं यंत्र काढून तिनं त्यांचं बोट टोचलं. अठ्ठेचाळीस.

तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. तिनं स्वतःचं बोट टोचलं. एकशे दोन. म्हणजे यंत्राला काही झालेलं नव्हतं.

"साखर! घरात साखर आहे का कुणाकडे?" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला वाटलं, या घरात कुठली साखर असणार. वर्षभरापूर्वी आपणच तर ती बंद करायला लावली.

मागच्या खोलीतून काकू धावत आल्या. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि काहीही न विचारता त्या आरशाखालच्या कपाटाशी वाकल्या. टॉवेलांची चवड बाजूला सारून त्यांनी एक भलीमोठी बरणी बाहेर काढली. तोंडापर्यंत साखरेनं भरलेली. आतला चमचा वापरून वापरून वाकडा झाला होता.

पाण्यात चार चमचे साखर ढवळून त्यांनी ते काकांना घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी आकडा एकाहत्तर झाला, काकांचे डोळे जागेवर आले आणि त्यांनी सगळ्यांत आधी ड्रायव्हरकडे बघितलं.

"अरे, तुमची अर्धीच झाली की."

"राहू द्या," ड्रायव्हर म्हणाला. "उरलेली घरी करतो." आणि तो तसाच, एका गालावर वाळलेला फेस घेऊन निघून गेला.

ती बाकावर बसली होती. समोर बरणी होती. काका तिच्याकडे बघत होते आणि ती बरणीकडे.

"ताई," शेवटी काका म्हणाले, "ती वही खोटी आहे."

"कुठली?"

"सगळीच. पहिल्या पानापासून. तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बसायचो. तुमचा तक्ता समोर ठेवायचा आणि उतरवून काढायचं. रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून तीन पेनं घ्यायचो. एकदा मुद्दाम चहाचा डागही पाडला."

"चहाचा डाग?"

"त्याची तुम्ही झेरॉक्स काढलीत."

ती हसली असती, पण डोक्यात काहीतरी अडकून बसलं होतं. "मग तुम्ही खात काय होतात?"

"जे आधी खात होतो तेच. पाव, लोणी, दिवसाला सहा चहा. आता महिनाभर अन्न नको वाटतंय, तोंडाला लोखंडाची चव येते. पण त्याआधी सगळं तसंच चालू होतं."

"आणि साखर तरी उतरत होती?"

"तेच मला कळेना! पहिल्यांदा वाटलं, तुमच्या लोकांनी दुसऱ्या कुणाचं रक्त तपासलं. दुसऱ्यांदा वाटलं, गोळ्या लागू पडल्या. तेव्हाच सांगणार होतो मी. पण तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्यात. आता टाळ्या वाजल्यावर काय सांगणार?"

सात वर्षांत लोकांच्या वह्यांमधला खोटेपणा तिनं कितीदा पकडला होता. वहीत काही न खाणारा माणूस आणि चढलेली साखर, हे नेहमीचं. हे त्याच्या बरोब्बर उलटं होतं. सगळं खाणारा माणूस आणि उतरलेली साखर. याचं काय करायचं, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं, की शिकवलं होतं आणि ती विसरली होती, तेही तिला उमगेना. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते केंद्रात दर शुक्रवारी येत, बाकीचे दिवस मोठ्या हॉस्पिटलात असत.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किडनीची तपासणी शेवटची कधी झाली आहे?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम?"

"बघून सांगते," ती म्हणाली, पण तिला बघायची गरज नव्हती. पेन्सिलीतलं स्वतःचं अक्षर तिला तिथं, आरशासमोर उभ्या उभ्या, स्वच्छ दिसलं. तिनं वाकून काकांचे मोजे खाली केले. रबराच्या जागी घोट्यावर बोटभर खोल चर पडला होता. अंगठ्यानं दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"चार महिने," उत्तर काकूंनी दिलं. "मी रोज म्हणत होते, अहो, पाय बघा, चपलांत मावेनात. तर म्हणायचे, ताईंनी शाबासकी दिली आहे, तुला काय कळतं. खरंच म्हटलं, मला काय कळतं."

त्याच दुपारी काकांना मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. रक्ताचे, लघवीचे नमुने गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावून कागद पुढं केला. किडन्यांचं काम जेमतेम अठरा टक्के उरलं होतं.

"साखर कमी करणाऱ्या त्या गोळ्या, आणि शरीरातलं इन्सुलिनसुद्धा, पुष्कळसं किडनीच बाहेर काढते," डॉक्टर म्हणाले. "किडनी थकली की ते आत रेंगाळतं. तीच गोळी दुप्पट काम करू लागते. वर रक्त कमी झालेलं असलं की सरासरीचा आकडाही फसवा येतो. कागदावर पेशंट सुधारत जातो."

"मला हे माहीत होतं," ती म्हणाली. खरंच माहीत होतं. परीक्षेत तिनं त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

"मलाही माहीत होतं. हिरव्या फायलीवर सही माझी आहे." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली, पण ते दुसऱ्या पेशंटकडे वळले.

काका खाटेवर बसून होते. दाढी वाढली होती. लोकांच्या दाढ्या करण्यात जन्म गेलेला माणूस तसा बसलेला बघून तिला चमत्कारिक वाटलं. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, तरी त्यांनी तिला पुन्हा विचारलं.

"म्हणजे ताई, मी बरा होत होतो तेव्हा बिघडत होतो?"

"हो."

"आणि आता साखर थोडी चढली तर?"

"थोडी चढली तरी चालेल. गोळ्या बदलल्यात. एकशे ऐंशीपर्यंत असली तरी घाबरायचं नाही."

"मागच्या वर्षी एकशे ऐंशी म्हटल्यावर तुम्ही कपाळाला हात लावला होता." त्यांनी चादर पायांवर ओढून घेतली. "तुम्ही एक काय ते ठरवा बुवा."

तिनं बोलायचं ठरवून आणलेलं होतं. "काका, चूक माझी आहे. ती तपासणी झाली नाही हे मी बघायला पाहिजे होतं."

"तुम्ही कुठून बघणार? मी खोटं लिहिलं ना. खरं लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, हा एवढं खातोय आणि साखर का उतरतेय."

"पण वही नसती तरी चौकट रिकामीच होती. ती मला दिसायला हवी होती."

"अहो, पण वही होती म्हणूनच ना तुम्ही चौकट बघितली नाही?"

दोघंही आपापली चूक पुढं करत होती, दारात उभं राहून 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही' चालावं तशी. कुणीच आत जाईना. काकू डब्याचं झाकण लावत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "झालं तुमचं दोघांचं? आता खायचं काय ते सांगा."

केंद्रात परतल्यावर तिनं हिरव्या फायली टेबलावर ओतल्या. एक्केचाळीस होत्या. एकोणीस फायलींत किडनीच्या चौकटीत पेन्सिल होती. ती दोन दिवस फोन लावत बसली. "तुमची साखर चांगली आहे म्हणून फोन केलाय," असं म्हणायला तिनं सुरुवात केली, आणि तिसऱ्याच माणसानं विचारलं, "मग फोन कशाला केलात?" हे फोनवर कसं समजवायचं ते तिला सुचेना. साखर चांगली आहे आणि म्हणूनच काळजी आहे. मग ती नुसतं म्हणू लागली, "एक तपासणी राहिली आहे. माझ्याकडून राहिली." बहुतेकजण गेले. दोघांच्या किडनीवर सुरुवातीचा परिणाम दिसला, बाकीचे ठीक निघाले. त्या दोघांसाठी वेळेत कळलं म्हणून हायसं वाटून घ्यावं, की इतके दिवस कळलं नाही म्हणून खजील व्हावं, यात ती बरेच दिवस हिंदकळत राहिली.

पुढच्या गुरुवारी गटात सांगणं भाग होतं. काकांनी परवानगी दिली होती. "सगळं सांगा, डागासकट," असं ते म्हणाले होते. तिनं सांगितलं. मग पोस्टातल्या बाई उठल्या. त्यांच्या हातात ती झेरॉक्स होती, चार घड्या घातलेली, तेलकट.

"म्हणजे ही वही खोटी?"

"हो."

"हे कुणी खाल्लंच नाही?"

"तुम्ही खाल्लंत, बाई."

"मी चार महिने हे तोलून तोलून खाल्लं." बाईंचा आवाज चिरकला. "मग माझी साखर कशी काय उतरली? माझ्याही किडन्या गेल्या का?"

"नाही, नाही. तुमची तपासणी मीच तुमच्याबरोबर येऊन करून घेते. पण तुमची साखर बहुधा खाण्यामुळेच उतरली आहे. त्यांनी लिहिलं होतं ते माझ्याच तक्त्यावरून."

"बहुधा?"

याआधी तिनं या खोलीत 'बहुधा' हा शब्द वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिलाही नाही. बाईंची तपासणी पुढच्या सोमवारी झाली आणि सगळं ठणठणीत निघालं. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "आता मी हे पुढं पाळू की सोडू?"

"पाळा."

"खोटं असलं तरी?"

"तुम्ही पाळलंत ना, म्हणजे तुमचं ते खरंच आहे," ती म्हणाली. हे वाक्य बरोबर आहे की नाही, यावर ती घरी जाईपर्यंत विचार करत होती.

काका दहा दिवसांनी घरी आले. त्यांच्यासाठी आता निराळा तक्ता होता, हॉस्पिटलातल्या किडनीच्या आहारतज्ज्ञांनी बनवलेला. तो हातात घेऊन काकू थेट केंद्रात आल्या आणि तिच्या टेबलावर ठेवला. शेजारी त्यांनी तिचा जुना तक्ता ठेवला.

"हे बघा. तुम्ही म्हणालात कोंड्याचा पाव, हे म्हणतात पांढरा. तुम्ही म्हणालात फळं खा, हे म्हणतात केळं नको, संत्रं नको. तुम्ही म्हणालात कडधान्यं भरपूर, हे म्हणतात मोजून. यांचा तर आनंद गगनात मावेना. म्हणतात, बघ, पांढरा पाव मी आधीपासून खात होतो, मीच बरोबर होतो."

"ते तेव्हा बरोबर नव्हते, काकू."

"आणि आता?"

"आता पांढरा पाव बरोबर आहे. साखर किती ते बघून, पण कोंड्यापेक्षा पांढरा बरा, कोंड्यातले क्षार त्यांच्या किडनीला झेपत नाहीत."

काकूंनी दोन्ही तक्त्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्या रागावल्या असत्या तर तिला जास्त सोपं गेलं असतं. "मला तिथल्या बाईंचं काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "भरभर बोलतात. तुमचं कळतं. तुमचं ऐकून आमचं हे झालं, तेही खरं. पण दुसऱ्या कुणाचं मला कळतच नाही, त्याला काय करू? उद्या घरी येऊन शिकवा."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं, आणि हो म्हणायला तोंड नव्हतं. ती गेली.

सलून उघडं होतं. काका एका माणसाचे केस कापत होते, बसून, उंच स्टुलावर. दाढी करायचं त्यांनी सोडून दिलं होतं. निदान आकडे स्थिर होईपर्यंत तरी वस्तरा हातात धरायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. हॉस्पिटलात डायलिसिससाठी हातावरची शीर तयार करून ठेवायचं चाललं होतं. कदाचित वर्षानं लागेल, कदाचित दोन वर्षांनी. त्यांनी तिला बघून कात्री हलवली. "जा आत. परीक्षा चालू आहे तिकडे."

स्वयंपाकघरात काकूंनी बटाटे सोलून, लहान तुकडे करून तयार ठेवले होते. तिनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी ते भरपूर पाण्यात उकळले, पाणी ओतून दिलं, पुन्हा नवं पाणी घेतलं, पुन्हा उकळले.

"आणि हे पाणी?"

"फेकायचं."

"म्हणजे बटाट्यातलं सत्त्व फेकायचं."

"त्या पाण्यात जे उतरतं ते काकांची किडनी बाहेर टाकू शकत नाही. साठून राहिलं तर हृदयाला त्रास."

"आणि मला?"

"तुम्हाला चालतं. तुमच्यासाठी ते चांगलंच आहे."

"म्हणजे दोन पातेली."

"हो, काकू. दोन पातेली."

काकूंनी दुसऱ्या शेगडीवर स्वतःपुरते बटाटे चढवले. तेवढ्यात बाहेरून काकांनी हाक मारली, गिऱ्हाइकाला सुटे हवे होते, आणि काकू गेल्या. ती दोन्ही शेगड्यांपाशी उभी राहिली. वाफ येत होती. तिनं दोन्हींतले बटाटे शिजलेत का ते चमच्यानं बघितलं, दोन्ही पातेली उतरवून ओट्यावर ठेवली, पाणी काढून टाकलं. काकू परत आल्या आणि दोन्हींत डोकावल्या.

"यांचं कुठलं?"

ती सांगायला गेली आणि थबकली. दोन्ही पातेली एकाच मापाची होती. दोन्हींतले तुकडे सारखेच पांढरे, सारखेच मऊ. उतरवताना डावं कुठं ठेवलं आणि उजवं कुठं, तिला आठवेना.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा हं जरा."

काकूंनी दोन चमचे घेतले, एक तिच्या हातात दिला. दोघींनी एकेका पातेल्यातला तुकडा उचलून तोंडात टाकला, मग पातेली बदलली आणि पुन्हा चाखलं. काकू डोळे मिटून चावत होत्या.

"याला चव आहे," त्या एका पातेल्यावर चमचा टेकवत म्हणाल्या. मग दुसऱ्यावर. "याला काहीच नाही. पाणी खाल्ल्यासारखं."

"मग ते काकांचं," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली, ते पातेलं उचललं आणि त्यात काहीतरी घालायला हात डब्याकडे नेला. हात वाटेतच थांबला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"नको, काकू. मीठही नको."